पाण्याची खोली दाखवणारं घड्याळ आधी दोराने पारखा

अमळनेरला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. चावीची, सेलची, भिंतीवरची, सगळी घड्याळं येतात. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवी जात आली आहे: पाण्यात किती खोल गेलात ते आकड्यात सांगणारी. मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेली मुलं ती घेतात, पोहण्याचा नाद असलेले घेतात, आणि विहिरीत पडलेल्या मोटारी काढणारे आमच्याकडचे पाणबुडेही आता घ्यायला लागलेत. बहुतेकांची तक्रार एकच. "काका, विहिरीत पाणी चाळीस फूट, घड्याळ एकोणचाळीसच सांगतं. खराब निघालं का?"

खराब नसतं. पण ते खराब नाही हे ज्याचं त्याने पारखून घ्यायला हवं, आणि कसं पारखायचं तेच लिहितो आहे.

पहिली गोष्ट, हे घड्याळ खोली मोजतच नाही. ते दाब मोजतं. अंगावर पाण्याचं किती वजन आलंय एवढंच त्याला कळतं, त्यावरून ते खोलीचा हिशेब मांडतं. १० मीटर खाली गेलं की वरच्या हवेचा जेवढा दाब असतो, जवळजवळ तेवढाच आणखी चढतो. आता समुद्राचं पाणी खारं म्हणून जड. लिटरमागे साधारण २५ ग्रॅम जास्त. ही घड्याळं समुद्र डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असतात. ईएन १३३१९ नावाचं युरोपचं एक मानक आहे, ते खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या मधली घनता धरतं, म्हणजे १० मीटरला बरोबर १ बार बसतो. बार हे दाबाचं माप, वरच्या हवेच्या दाबाएवढंच जवळजवळ. आपल्या विहिरीचं पाणी गोडं, हलकं. तेवढाच दाब भरायला ते थोडं जास्त खोल लागतं. म्हणून विहिरीत असं घड्याळ शंभराला दोन ते अडीच कमी दाखवणार. चाळीस फुटांना एकोणचाळीस हा बरोबर हिशेब आहे. ज्या घड्याळाच्या सेटिंगमध्ये 'फ्रेश' आणि 'सॉल्ट' असे पर्याय असतात, त्यात 'फ्रेश' निवडलं की हा फरक जातो.

वडील विहीर परसात मोजायचे. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. त्यांच्या अंगाचा परस मी दोरावर मोजून ठेवला होता, दोन मीटरला थोडा जास्त. समुद्रावरची माणसं वावेत मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव. इंग्रजीत तिलाच फॅदम म्हणतात. ब्लँकपॅनने १९५३ साली 'फिफ्टी फॅदम्स' नावाचं घड्याळ काढलं, म्हणजे पन्नास वाव, साधारण ९१ मीटर. पण इथे एक गल्लत होते, ती दुकानात मी रोज बघतो. ते घड्याळ पन्नास वाव पाणी सोसायचं, खोली दाखवायचं नाही. सोसणं वेगळं, मोजणं वेगळं. डायलवर '२०० मीटर' लिहिलंय म्हणून ते २०० मीटरपर्यंत मोजेल असं नाही, आणि मोजणारं घड्याळ त्याच्या मापाच्या पलीकडे सोसेल असंही नाही.

मोजायच्या तऱ्हा तीन.

सगळ्यांत जुनी आणि साधी तऱ्हा हवेच्या नळीची. एका टोकाला बंद असलेली बारीक नळी, आत हवा. खाली जावं तसं पाणी नळीत घुसतं आणि हवा आक्रसते. ओरिसने २०१३ मध्ये घड्याळाच्या काचेच्या कडेलाच अशी गोल नळी कोरली, बाराच्या आकड्याजवळ तिचं तोंड. पाणी जिथपर्यंत चढलेलं दिसेल ती खोली. हलणारा एकही भाग नाही, बिघडायला काही नाही. ही तऱ्हा मला मनापासून आवडते, कारण ती घरीही करून बघता येते. ते पुढे सांगतो.

दुसरी तऱ्हा पडद्याची. फेवर-लुबा हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांना माहीत आहे. वडिलांकडे ती घड्याळं तेलपाण्याला यायची. त्याच कंपनीने १९६८ मध्ये 'बॅथी' काढलं. मागच्या झाकणाला भोकं, आत पातळ धातूचा पडदा. पाण्याने तो दाबला की डायलवर खोलीचा काटा सरकतो, ५० मीटरपर्यंत. मनगटावरच्या यांत्रिक घड्याळात असं पहिल्यांदा झालं. पुढे २०११ मध्ये टाटांच्या टायटनने ही कंपनी घेतली होती. असं एखादं जुनं घड्याळ घरात निघालं तर पाण्यात नेऊ नका. इतक्या वर्षांच्या पडद्याचा आणि रबराचा भरवसा नाही.

तिसरी तऱ्हा सेन्सरची. सिटिझनने १९८५ मध्ये 'ॲक्वालँड' आणलं, डाव्या अंगाला टेंगूळ आल्यासारखा सेन्सर असलेलं. आज तुम्ही जे घ्याल ते बहुतेक याच जातीचं असेल. सिलिकॉनचा बारीक पडदा वाकतो, त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो, आणि त्याचा आकडा होतो. ॲपल वॉच अल्ट्रा २०२२ पासून ४० मीटरपर्यंत खोली दाखवतं. २०२४ च्या सिरीज १० मध्येही ही सोय आहे, पण फक्त ६ मीटरपर्यंत. ६ मीटर म्हणजे वडिलांच्या मापाने तीन परसही नाहीत. दिवाळीत भरलेल्या विहिरीला ते पुरणार नाही, एवढं घेण्याआधीच लक्षात घ्या.

घेताना आणखी एक बघा. मागच्या झाकणावर नुसतं 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' असेल तर ते हात धुण्यापुरतं. 'डायव्हर्स' शब्द आणि त्यापुढे निदान १०० मीटर हवं. आयएसओ ६४२५ या मानकात बसायला तेवढं लागतंच, आणि त्यात लिहिलेल्या दाबापेक्षा सव्वापट दाब देऊन घड्याळ तपासतात. आमच्याकडची मुलं कठड्यावरून उड्या मारतात, त्यांच्यासाठी एक हिशेब: जेवढ्या उंचीवरून उडी, पाण्याला लागताना निदान तेवढ्या खोलीचा धक्का घड्याळाला बसतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं आणि वीस-वीस फुटांवरून उड्या पडतात. हात धुण्यापुरत्या घड्याळाची रबर रिंग तिथेच सरकते.

आता पारखायचं काम. यात घाई करू नका, एक अख्खी सकाळ ठेवा.

बारीक नायलॉनचा दोर घ्या, पंधरा-वीस मीटर. आधी तो बादलीत भिजवा, खाली दोन किलोचं लोखंडी माप बांधून झाडाला टांगा आणि तसाच ताणात असताना टेपने मोजा. नायलॉन ओला झाला आणि वजन पडलं की लांबतो. कोरडा मोजलेला दोर विहिरीत खोटं सांगतो. मी पहिल्यांदा कोरडाच मोजला होता आणि दोष घड्याळाला देऊन बसलो होतो. घड्याळ कांद्याच्या जाळीत ठेवा, पातळ प्लास्टिकच्या जाळीत, म्हणजे पाणी चहूकडून लागतं. जाळी दोराला बांधा, वजन तिच्या हातभर खाली. आता घड्याळाच्या सेन्सरपासून वर दर तीन मीटरला लाल सुताची गाठ मारा. माप सेन्सरपासून धरायचं, वजनापासून नाही. त्या हातभर दोरातच अर्ध्या मीटरची चूक घुसते.

विहिरीवर गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाला जातो. मोटारसायकलच्या हँडलला लटकवून आणलेलं घड्याळ तव्यासारखं तापलेलं असतं. ते तसंच गार पाण्यात सोडलं तर आतली हवा एकदम आक्रसते, काचेवर आतून वाफ धरते, आणि सेन्सरही सुरुवातीला चुकतो. सावलीनंतर एक-दोन मिनिटं पोहऱ्यातल्या पाण्यात ठेवा. खोलीचा मोड पाण्यात सोडण्याआधी चालू करा. वर असताना हवेचा जो दाब असतो तो घड्याळ शून्य धरतं. खाली गेल्यावर मोड चालू झाला तर शून्य तिथलं धरलं जाईल आणि पुढचे सगळे आकडे कमी येतील.

पहिली गाठ पाण्याला टेकेपर्यंत सोडा. दोर भिंतीला घासता कामा नये, तिरपा जाता कामा नये. दोन मिनिटं तसाच धरा. मग वर घ्या आणि घड्याळाच्या स्मृतीतला सगळ्यात खोल आकडा, 'मॅक्स', वहीत लिहा. घड्याळ ती डुबी संपली असं मानेपर्यंत थांबा, काहींना पाच-दहा मिनिटं लागतात. मग दुसरी गाठ, तिसरी, चौथी. विहीर गोड्या पाण्याची आणि घड्याळ वर सांगितलेल्या मानकाचं असेल तर ३ मीटरला २.९, ६ ला ५.९, ९ ला ८.८ आणि १२ ला ११.८ असं काहीसं मिळायला हवं. माझ्या भाच्याने दिलेलं जुनं ॲक्वालँड मी बोरी नदीकाठच्या मळ्यातल्या विहिरीत तीनदा १२ मीटरवर सोडलं. ११.८, ११.८, ११.७. त्या दिवशी मी ते मनगटावर बांधलं.

आकडे जुळले नाहीत तर ते कसे चुकतात ते बघा, सगळं निदान त्यातच आहे. खोलीबरोबर फरक वाढत जातो, शंभराला दोन-अडीच, तर घड्याळ ठीक आहे. प्रत्येक गाठीला सारखाच फरक येतो, म्हणजे ३ लाही ४० सेंटिमीटर कमी आणि १२ लाही तेवढाच, तर शून्य सरकलंय. मोड बंद-चालू करून पुन्हा करा. लगेच वर काढलं तर कमी दाखवतं आणि दोन मिनिटं धरलं तर बरोबर दाखवतं, तर सेन्सरच्या भोकात गाळ आहे. आणि तीच गाठ एकदा ११.८, एकदा १०.९ दाखवत असेल तर ते घड्याळ वेळ बघायला वापरा, खोलीसाठी नाही.

ज्यांना वरचा हिशेब डोळ्यांनी बघायचाय त्यांनी नळी करावी. मी शाळेतल्या मुलांना दाखवतो. सलाईनची पारदर्शक नळी तीस सेंटिमीटर कापा. फाउंटन पेनची निळी शाई आत भरून ओतून टाका आणि नळी दोन्ही तोंडं उघडी ठेवून दोन दिवस सुकवा, म्हणजे आतून शाईचा पातळ थर बसतो. मग एक टोक मेणबत्तीवर धरून चिमट्याने दाबून बंद करा. बंद टोक वर, उघडं खाली, अशी दोराला बांधून विहिरीत सोडा. १० मीटरवरून काढली की खालची पंधरा सेंटिमीटर शाई धुतलेली आणि वरची पंधरा तशीच. पाणी बरोबर अर्ध्यावर चढलं. २० मीटरला मात्र वीसच सेंटिमीटर चढतं, ३० ला साडेबावीस. पहिल्या दहा मीटरला पंधरा, पुढच्या दहाला पाच, त्यापुढच्या दहाला अडीच. म्हणून नळीची घड्याळं उथळ पाण्यात झकास वाचता येतात आणि खोलात खुणांची दाटी होते. आपल्या विहिरींना ती पुरून उरतात.

सातपुड्यात पोहणाऱ्यांसाठी एक सूचना. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे हवेचा दाबच समुद्रकाठापेक्षा सुमारे आठव्या हिश्शाने कमी. नळीतली हवा आधीच विरळ, त्यामुळे यशवंत तलावात १० मीटरवर नळीचं घड्याळ अकराच्या पुढे दाखवेल. बंद पडद्याचं घड्याळ उलटं चुकेल, मीटर-सव्वामीटर कमी. सेन्सरवालं चांगलं घड्याळ वरचा दाब आपणहून धरतं, फक्त ते तिथे पोचल्यावर पाण्याबाहेर चालू करायचं. अमळनेर-जळगावच्या उंचीला हा फरक पाव मीटरच्या आसपास, सोडून द्या.

घड्याळ पारखून झालं म्हणजे विहिरीत उतरायला परवाना मिळाला असं नाही, आणि हे मी हात जोडून सांगतो. मोटार काढायची असेल तर आधी स्टार्टर बंद करा, फ्यूजच्या ग्रिपा काढा आणि त्या उतरणाऱ्याच्या माणसाच्या खिशात ठेवा, मालकाच्या नाही. बंद पडलेल्या जुन्या विहिरीत, किंवा जिच्यात डिझेल इंजिन चाललंय अशा विहिरीत, पाण्याच्या वर विषारी वायू साचतो. घड्याळाला त्याची काही खबर नसते. कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून उतरायचा प्रकार मी काही ठिकाणी पाहिलाय. त्याचं शिक्षण घेतलं नसेल तर करू नका. दाबाची हवा छातीत भरून श्वास रोखून वर आलं की फुप्फुस फाटतं, आणि त्याला फार खोली लागत नाही. शिकलेले डायव्हर मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येत नाहीत. बरीच घड्याळं त्यापेक्षा वेग वाढला की ओरडतात, तो आवाज बंद करून ठेवू नका. श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांनी आधी भराभर मोठे श्वास घेऊ नयेत, वर येताना शुद्ध हरपते. काठावर एक माणूस हवाच, पोहता येणारा.

माझा भाचा मुंबईकडे जहाजांवर डायव्हर आहे. तो म्हणतो, "मामा, खाली आकडा बघायचा तो थांबून बघायचा. हात हलता असताना वाचलेला आकडा मी लिहीतसुद्धा नाही." विहिरीतही तेच करा. एका हाताने पाइप धरा, मनगट छातीपाशी आणा, मग वाचा.

या घड्याळाचा शेतकऱ्याला एक उपयोग आहे, तो कुठल्याच कंपनीच्या कागदावर लिहिलेला नसतो. कोणी विहिरीवरून आला की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "पानी कितलं शे?" उत्तर अंदाजाचं असतं. जाळीत घड्याळ बांधलेल्या दोराचं वजन तळाला टेकवून वर काढा, 'मॅक्स' वाचा, शंभराला दोन मिळवा, घड्याळापासून वजनापर्यंतचा हातभर मिळवा: उभं पाणी किती ते कळलं. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा नेमलेल्या विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. तुम्हीही त्याच महिन्यांत घ्या. फक्त ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतात आणि घड्याळ पाण्यापासून तळापर्यंतचं, दोन्ही आकडे एका रकान्यात लिहू नका. मळ्यातल्या विहिरीची अशी वही मी ठेवतो. तळाला गाळ किती साचला तेही त्यातून कळतं: काठापासूनचं पाणी तेवढंच आणि उभं पाणी कमी, तर तो फरक गाळाचा.

राहिली निगा, आणि इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचं घड्याळ आलं, खोली कमी दाखवतं म्हणून. भिंगातून पाहिलं तर सेन्सरच्या भोकांत काळा गाळ वाळून बसलेला. मी बारीक सुई घातली. टक असा अगदी हलका आवाज आला, आतला पडदा गेला. सेन्सर मिळाला नाही, घड्याळ मी भरून दिलं. भोकात सुई, टाचणी, टूथब्रशचा केस, हवेचा पंप, काहीही घालायचं नाही. कोमट पाण्याच्या वाटीत रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी नळाच्या बारीक धारेखाली धरा, पुन्हा वाटीत. काळ्या मातीचा गाळ दोन-तीन रात्रींत सुटतो. प्रत्येक बुडीनंतर त्याच दिवशी धुतलं तर ही वेळ येतच नाही.

काही घड्याळं ओलावा लागला की आपोआप खोलीच्या मोडमध्ये जातात. आपल्या उन्हाळ्यात मनगटाच्या घामानेही ती जागी होतात आणि सेल खातात. ओलावा ओळखणारी टिकली सुती कापडाने पुसत जा. धुतल्यावर सावलीत वाळवा, पत्र्यावर उन्हात नाही; उन्हाने रबर कडक होऊन चिरतं.

सेल बदलणं हे सगळ्यांत नाजूक काम. भाच्याच्याच एका घड्याळाचा सेल मोठ्या शहरातल्या एका दुकानात पाच मिनिटांत बदलून दिला होता. झाकण उघडलं तेव्हा जुनीच रिंग, कोरडी, आणि तिच्यावर एक केस आडवा पडलेला. त्या केसाच्या वाटेने पाणी शिरलं होतं. सेल बदलाल तेव्हा नवी रिंग मागा, तिला सिलिकॉनचं ग्रीस लावलेलं बघा, खाच पुसलेली बघा, आणि दाबाच्या मशीनवर तपासून द्या म्हणा. ते मशीन दुकानात नसेल तर घड्याळ तिथे उघडू देऊ नका. परत आल्यावर दोर, जाळी आणि वही घेऊन पुन्हा विहिरीवर जा. चारही गाठी परत मोजा.